अंड्यापर्यंत पोचायला ८५ वर्षं

आपल्याकडे जिवांच्या चार खाणी सांगतात: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. वारेतून जन्मतो तो जारज, अंड्यातून निघतो तो अंडज. युरोपातल्या प्राणिशास्त्रज्ञांची मांडणी निराळी होती, पण पहिल्या दोन खाणींमधली भिंत त्यांच्याकडेही तितकीच पक्की होती. दूध पाजणारा प्राणी अंडी घालणार नाही, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

१७९८ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर जॉन हंटर याने दारूत मुरवलेला प्लॅटिपस इंग्लंडला धाडला. बदकाची चोच, बीव्हरसारखं चपटं शेपूट, अंगावर दाट लव. पुढच्या वर्षी ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉने त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापलं. नमुना बनावट असल्याची शंका आल्याशिवाय राहत नाही, हे त्याने त्यातच कबूल केलं. त्याने कातडं कापून टाके शोधल्याची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, शंका रास्त होती. माकडाचं धड आणि माशाचं शेपूट शिवून केलेल्या ‘जलपऱ्या’ पूर्वेकडून येतच असत.

खरा घोळ पुढे झाला. इंग्लंडचा शल्यविशारद एव्हरार्ड होम याने १८०२ मध्ये मादी फाडून पाहिली, तर मल, मूत्र आणि प्रजनन या सगळ्यांना बाहेर पडायची वाट एकच! हे तर पक्ष्यांचं आणि सरड्यांचं लक्षण. १८२६ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेकेलने तिच्या पोटाच्या कातडीखाली दुधाच्या ग्रंथी दाखवल्या. फ्रान्सचा जेफ्रॉय सेंट-हिलेर म्हणे, ही अंडी घालते, म्हणजे ते दूध नव्हेच. इंग्लंडचा रिचर्ड ओवेन म्हणे, ते दूधच आहे, म्हणजे ही अंडी घालत नाही; अंडं पोटातच उबत असणार. दोघांचंही अर्धं बरोबर होतं आणि दोघंही त्याच भिंतीला टेकून भांडत होते.

ऑस्ट्रेलियातून खबरा येत नव्हत्या असंही नाही. मादी अंडी घालते, हे जॉन जेमिसनने तिथून लिहिलेलं पत्र १८१८ मध्येच छापलं गेलं होतं. १८६४ मध्ये व्हिक्टोरियातल्या वुड्स पॉइंटच्या एका डॉक्टरने तर ओवेनला कळवलं की, पकडून ठेवलेल्या प्लॅटिपसजवळ दोन अंडी सापडली. ओवेनने निकाल दिला: घाबरून गर्भपात झाला असेल.

अखेर १८८४ मध्ये केंब्रिजचा तरुण विल्यम काल्डवेल क्वीन्सलंडमधल्या बर्नेट नदीकाठी तळ ठोकून बसला. ऑगस्टमध्ये त्याने मारलेल्या प्लॅटिपसच्या मादीने एक अंडं नुकतंच घातलं होतं आणि दुसरं गर्भाशयाच्या तोंडाशी होतं. त्याने चार शब्दांची तार केली. तिचा अर्थ असा, की प्लॅटिपस आणि त्याचा काटेरी भाऊबंद एकिडना हे प्राणी अंडी घालतात आणि त्या अंड्याचा बलक पक्ष्यांच्या अंड्यासारखा अर्धवटच विभागतो. २ सप्टेंबरला ती तार कॅनडात मॉन्ट्रियलला भरलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या परिषदेत वाचली गेली. योगायोग असा, की त्याच दिवशी ऑस्ट्रेलियातल्या अॅडिलेडमध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म हाके एकिडनाच्या अंड्याचं कवच लोकांपुढे ठेवत होता. एकिडनाच्या पोटावरच्या पिशवीत बोटं घातल्यावर अंडं हाताला लागलं, तेव्हा दचकून त्याने ते चिमटीत दाबलं होतं.

अंडं जेमतेम दीड सेंटिमीटरचं, मऊ चामडी कवचाचं. प्लॅटिपसची मादी बिळात शेपटी पोटाशी दुमडून ते सुमारे दहा दिवस उबवते. तिला स्तनाग्रं नसतात. दूध कातडीतून झिरपतं आणि पिल्लू तिथली लव चाटतं. अंडी घालून दूध पाजणारे असे प्राणी आज पाचच जातींचे उरले आहेत: एक प्लॅटिपस आणि चार एकिडना.

काल्डवेलसाठी शोधाशोध केली ती दीडशेच्या आसपास स्थानिक आदिवासींनी. हजारांहून जास्त एकिडना त्यांनी आणून दिल्या. मादीमागे अर्धा क्राउन हे ब्रिटिश नाणं मिळे. मात्र पीठ, चहा, साखर त्यांना विकणाराही काल्डवेलच होता. एकिडना जास्त येऊ लागल्या की तो या जिनसांचे भाव चढवी, म्हणजे त्यांची पोटं कधी पुरती भरत नसत आणि शोध थांबत नसे. हा हिशोब त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे.