सोडा वाढवल्याने केक अधिक फुगत नाही

घरी वाढदिवसाचा केक करणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे टिकून आहे: खायचा सोडा आणि बेकिंग पावडर एकच, आणि केक दडस झाला तर पुढच्या वेळी सोडा वाढवावा. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. खायचा सोडा म्हणजे केवळ सोडियम बायकार्बोनेट, आणि दही, ताक किंवा लिंबूरस यांसारख्या आंबट पदार्थाशी संयोग झाल्यावरच तो नीट काम करून कार्बन डायऑक्साइड सोडतो. बेकिंग पावडरमध्ये मात्र सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असतात. म्हणून दह्याच्या बिनअंड्याच्या केकला सोडा योग्य, तर दूध-अंड्याच्या साध्या स्पंजला बेकिंग पावडर. आंबटपणाच्या मानाने सोडा जास्त झाला, तर उरलेल्या सोड्यामुळे साबणासारखी चव येते, रंग काळपट होतो आणि बुडबुडे मोठे होऊन फुटल्याने मध्यभाग खचतो. म्हणजे ज्या दडसपणावर उपाय शोधला, तोच पुन्हा पदरी पडतो. त्याचे खरे कारण बहुधा मैदा घातल्यावर मिश्रण फार फेटणे, किंवा ओव्हन तापेपर्यंत ते ओट्यावर ठेवणे हे असते. सोडा व दही एकत्र येताच वायू सुटू लागतो, त्यामुळे ओव्हन आधीच १८० अंश सेल्सिअसला तापवून ठेवावा.