ऑटोमॅटिक पिकअपला मॅन्युअल गिअरबॉक्स: सातारा-सांगलीत आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

"आरसीवर गिअरबॉक्सचा उल्लेखच नाही, मग आरटीओला कळवायचं कशाला?" ऑटोमॅटिक डिझेल पिकअपला मॅन्युअल गिअरबॉक्स चढवायला निघालेला माणूस पहिल्यांदा हेच विचारतो. आरसी काढून बघितली तर त्याचं म्हणणं खरंही आहे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, इंधन, क्यूबिक कपॅसिटी, बॉडीचा प्रकार, आसनं, रिकाम्या गाडीचं वजन, रंग हे सगळं असतं, गिअरबॉक्स नसतो. पण आरसी गप्प आहे म्हणजे आरटीओने परवानगी दिली, असं होत नाही. अपघात झाला, क्लेम टाकला किंवा गाडी विकायला काढली की हा बदल उघडा पडतोच, आणि तेव्हा हातात कागद नसेल तर बोलायला जागा राहत नाही. म्हणून परवानगी आधी आणि पाना नंतर, हा क्रम सोडू नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही, हा त्याचा गाभा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला त्यात वाट ठेवली आहे. 'बदल' कशाला म्हणायचं तेही शेवटच्या स्पष्टीकरणात दिलंय: गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि तेव्हापासून आरटीओ कार्यालयं अशा अर्जांकडे जपूनच बघतात.

आता गिअरबॉक्स बदलताना गाडीचं काय काय होतं ते बघा. लिव्हर वर यायला केबिनच्या फ्लोअरला भोक पाडावं लागतं. क्लचच्या मास्टर सिलिंडरसाठी फायरवॉलला भोक पडतं. गिअरबॉक्स ज्या क्रॉस मेंबरवर बसतो तो सरकवावा लागतो किंवा बदलावा लागतो, आणि हौशी मेस्त्री असेल तर चेसिसवर वेल्डिंगही होतं. रिकाम्या गाडीचं वजन थोडंफार हलतं, आणि ते वजन मात्र आरसीवर छापलेलं आहे. याला रचनेतला बदल म्हणायचा की नुसता सुटा भाग बदलणं म्हणायचं, हा निर्णय नोंदणी प्राधिकाऱ्याचा, मेस्त्रीचा नव्हे.

दुसरी बाजू टाइप अप्रूव्हलची, म्हणजे मॉडेल विक्रीला येण्याआधीच्या मान्यतेची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे कंपनी नवं मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेते. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल ही तिथे वेगळी व्हेरिएंट असतात. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) गाडीत इंजिनचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), गिअरबॉक्सचा कंट्रोलर, एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) एकमेकांशी सतत बोलत असतात. गिअरबॉक्सचा कंट्रोलर नुसता काढून ठेवला तर डॅशबोर्डवर दिवे पेटतात आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. मग कुणीतरी लॅपटॉप लावून ईसीयू 'सेट' करतो, आणि त्याच भरात डीपीएफ, ईजीआर या धूर कमी करणाऱ्या यंत्रणाही बंद करून देतो. ते करून घेतलं तर कुठलाच अर्ज टिकणार नाही.

कलम १८२-अ (४) मधली शिक्षाही माहीत असू द्या. परवानगीत न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

कोणाचा अर्ज उभा राहू शकतो

गिअरबॉक्ससाठी पात्रतेची छापील यादी कायद्यात नाही. पण अधिकाऱ्यासमोर अर्ज टिकायचा असेल तर एक गोष्ट हवीच: तुमचंच मॉडेल, तेच इंजिन, तोच बीएस टप्पा, आणि कंपनीने ते भारतात मॅन्युअलमध्येही विकलेलं असलं पाहिजे. म्हणजे तुम्ही नवी गाडी जन्माला घालत नाही, कंपनीच्याच एका मान्य व्हेरिएंटच्या मापात गाडी आणताय, असं कागदावर म्हणता येतं. इसुझू व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनला मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्ही आले, दोन्हींत टॉर्क (इंजिनची फिरवण्याची ताकद) ३६० न्यूटन-मीटर. इथे निदान जोडी जुळते.

टोयोटा हायलक्सचं तसं नाही. २.८ लिटरचं इंजिन एकच, पण मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. ऑटोमॅटिकचा ईसीयू तसाच ठेवून मॅन्युअल गिअरबॉक्स लावला, तर कंपनीने त्याला दिला नव्हता तेवढा टॉर्क तुम्ही त्याच्यावर टाकता. भरलेली ट्रॉली मागे लावून पसरणीचा घाट चढताना त्याचा भार क्लच प्लेटवर येणार. म्हणजे हायलक्सला मॅन्युअलचाच ईसीयू आणि त्याचंच कॅलिब्रेशन हवं, आणि ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनच मिळालं पाहिजे. अर्जात ही गोष्ट स्वतःहून लिहा. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर जाणकार असेल तर पहिलं बोट तिथेच ठेवेल.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण पेटतात. तिथे रॅम कंपनीने कमिन्स डिझेल पिकअपला मॅन्युअल देणं २०१८ च्या मॉडेलनंतर बंद केलं, म्हणून हौशी लोक नव्या ट्रकला जुना गिअरबॉक्स चढवतात. इथल्या अर्जाला त्या व्हिडिओचा काडीचा उपयोग नाही.

कलम ५२ मध्येच दिव्यांग व्यक्तीसाठी वेगळी तरतूद आहे, तिची गल्लत करू नका. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी गाडी अनुकूलित करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेता येते. तो रस्ता बहुधा उलट दिशेचा असतो, क्लच काढण्याचा.

बाकी अटी साध्या. गाडी तुमच्या नावावर हवी. एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची सेकंड हँड घेतली असेल तर आधी नाव चढवा, मग पुढचं. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कार्यालयात जातो: साताऱ्याला एमएच-११, कऱ्हाडला एमएच-५०, सांगलीला एमएच-१०. थकलेला कर आणि पडून असलेली ई-चलनं आधी मिटवा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती नसताना पुढे जाऊ नका.

कागदपत्रं

आरसी, चालू विमा, पीयूसी, आधार आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस प्रिंट हे नेहमीचंच. मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेसही चालू हवी. नव्या मालवाहू गाडीला ती दोन वर्षांची मिळते, आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करून घ्यावी लागते. चेसिस प्रिंट घाईघाईत काढू नका. कोरलेल्या नंबरावरचा चिखल आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी घासा. एखादा आकडा अर्धवट उठला तर कागद परत येतो.

खरी मेहनत आहे ती गिअरबॉक्सच्या कागदांवर. नवा घेतला तर पार्ट नंबर असलेलं जीएसटी बिल. जुना घेतला तर तो कुठल्या गाडीतून निघाला, तिचा नंबर काय, ती गाडी रीतसर मोडीत निघाली का, याचा कागद हवा. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं आली आहेत, तिथून आलेल्या मालाला कागद असतो. जुन्या बाजारात रोख देऊन उचललेल्या गिअरबॉक्सला नसतो. तो उद्या चोरीच्या गाडीचा निघाला तर गिअरबॉक्सही जाईल आणि पोलीस ठाण्याच्या चकराही सुरू होतील.

त्यासोबत सुट्या भागांची यादी जोडा: फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकमधलं पायलट बेअरिंग, क्लचचे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, पेडल असेंब्ली, क्रॉस मेंबर, प्रोपेलर शाफ्ट, वायरिंग, ईसीयू. फोर बाय फोर असेल तर ट्रान्स्फर केसही. यातला प्रत्येक भाग कंपनीच्या मॅन्युअल व्हेरिएंटचा असेल आणि समोर पार्ट नंबर असेल, तर 'चेसिस कापलेला नाही, वेल्डिंग केलेलं नाही, कंपनीच्याच होलवर बोल्ट केलंय' असं लिहिता येतं. माझ्या मते अर्जातलं सगळ्यात वजनदार वाक्य हेच. काम करणाऱ्या वर्कशॉपचं लेटरहेडवरचं पत्र, जीएसटी क्रमांकासह, तेही लावा. कंपनीकडून 'हा बदल आम्हाला मान्य आहे' असं पत्र मिळालं तर उत्तमच, पण मिळेल या भरवशावर राहू नका.

अर्जाचा क्रम

पहिल्या टप्प्यात ऑनलाइन काही भरू नका. कार्यालयात साधा लेखी अर्ज द्या: अमुक मॉडेल, अमुक बदल, सोबत भागांची यादी, हा बदल कलम ५२ खाली येतो का, येत असेल तर परवानगी मिळावी. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक व शिक्का घेऊनच बाहेर पडा. खिडकीवर कुणी तोंडी म्हणालं, 'करा हो, काही होत नाही', तर हसून आभार माना आणि लेखी मागा. उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्जाची सद्यस्थिती विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

परवानगी लेखी मिळाली की परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीतील बदलासाठीचा अर्ज भरायचा, पोर्टल दाखवेल ते शुल्क ऑनलाइन भरायचं आणि पावती काढायची. काम झालं की गाडी तपासणीला न्यायची. जाताना गाडी खालून धुऊन न्या, म्हणजे क्रॉस मेंबर आणि बोल्ट स्वच्छ दिसतील. रिव्हर्सचा दिवा लागतो का, क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही ना, चेक इंजिनचा दिवा विझलाय ना, हे घरीच बघून घ्या.

एक पळवाट सांगणारे भेटतील: कलम ५२ मध्ये १४ दिवसांत कळवायची सोय आहे, तेव्हा आधी बसवा, मग कळवा. तरतूद खरी आहे, पण ती कळवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. मुळात मनाई असलेला बदल नुसता कळवल्याने कायदेशीर होत नाही.

विमा आणि पीयूसी

विमा कंपनीला काम सुरू करायच्या आधी लेखी कळवा आणि झाल्यावर पॉलिसीवर एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद, करून घ्या. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पीयूसी पास झाली म्हणून बदल मान्य झाला असं समजू नका. तिथे धूर मोजतात, गिअरबॉक्स कोणता ते बघत नाहीत.

अर्ज नाकारला तर

नकार लेखी मागा. कलम ५७ प्रमाणे तो आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पण अपिलाच्या आधी हिशेब मांडून बघा. गिअरबॉक्स, क्लचचा संच, ईसीयू, मजुरी आणि गाडी उभी राहील तेवढे दिवस धरले, तर त्याच मॉडेलच्या मॅन्युअल गाडीशी अदलाबदल बहुतेकदा स्वस्त पडते. घाट उतरताना गाडी इंजिनवर धरून ठेवायची एवढीच गरज असेल, तर व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हींच्या ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोड आहे. खंबाटकी किंवा कुंभार्लीला लिव्हर तिकडे सरकवून खालच्या गिअरला उतरून बघा. तरीही मन ऐकत नसेल तर गाडी विकून मॅन्युअल घ्यायला लागतात ते फॉर्म २९ आणि ३०, आणि ते काम कुठल्याही आरटीओत रोजचं आहे.