लेक्सिंग्टन, नेब्रास्का : आधी कारखाना, मागून माणसं

नेब्रास्का राज्याच्या मध्यावर, प्लॅट नदीच्या काठी लेक्सिंग्टन हे गाव आहे. डॉसन काउंटीचा कारभार इथून चालतो. १९९० च्या जनगणनेत गावात ६,६०१ माणसं होती. त्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे, शंभरात जेमतेम पाच. २००० मध्ये लोकसंख्या १०,०११ झाली आणि लॅटिनो निम्म्याहून थोडे जास्तच भरले. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या बऱ्याच गावांची गोष्ट अशीच आहे. आयोवातलं स्टॉर्म लेक आणि मार्शलटाउन, मिनेसोटातलं वर्दिंग्टन, कॅन्सासमधलं गार्डन सिटी ही त्यांतली काही. याला सर्रास ‘स्थलांतरितांची लाट’ म्हणतात, आणि लाट म्हटलं की ती आपसूक आली असं वाटतं. इथं मात्र आधी पाणी आलं, मग मका, मग गुरं, मग कारखाना. माणसं सगळ्यांत शेवटी आली, आणि तीही बोलावल्यावर.

मेक्सिकन मजूर नेब्रास्काला तसे नवे नव्हते. राज्याच्या पश्चिम टोकाला नॉर्थ प्लॅट खोऱ्यात साखरबीट पिकतं. स्कॉट्सब्लफला ग्रेट वेस्टर्न कंपनीचा साखर कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. बीटाचं त्या काळचं बी म्हणजे एक बी नव्हेच, तो दोन-चार बियांचा गुच्छ असे. एका जागी रोपांचा झुबका उगवायचा आणि त्यातलं एकच ठेवून बाकीची हातानं उपटावी लागत. आखूड दांड्याच्या खुरप्यानं, ओणवं होऊन, दर २५-३० सेंटिमीटरवर एक रोप राखायचं. मग खुरपणी. शरद ऋतूत बीट उकरून आकडीच्या सुऱ्यानं शेंडे छाटायचे. हे काम आधी रशियातून आलेल्या जर्मनांनी केलं, थोडं जपान्यांनी आणि पुढं मेक्सिकनांनी. करार एकरावर व्हायचा. सही बापाची आणि राबायचं अख्ख्या घरानं. आपल्याकडे ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको धरतात. बीटात पोरंबाळंही त्याच एका सहीत मोजली जात.

१९१७ च्या कायद्यानं परदेशातून येणाऱ्यांना वाचता येण्याची अट आणि ८ डॉलरचा डोईकर लावला. त्याच वर्षी शेतमालकांनी मेक्सिकन शेतमजुरांसाठी सूट मिळवली. मंदी आल्यावर, १९३० च्या दशकात, त्याच मजुरांना गाड्यांत बसवून परत धाडलं गेलं. त्यांत अमेरिकेत जन्मलेली मुलंही होती. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ करारानं पुन्हा मजूर आणले. पुढं एका बीला एकच रोप देणारं बियाणं आणि यंत्रं आली, आणि हातानं विरळणीचं काम संपलं. काही कुटुंबं पश्चिमेकडं स्थायिक झाली. लेक्सिंग्टनच्या आजच्या वस्तीशी त्यांचं नातं फारसं नाही. मात्र हात हवे असले की कायद्यात फट, नको झाले की गाडीचं तिकीट, ही रीत तेव्हापासूनची.

लेक्सिंग्टनचा धागा सुरू होतो तो पाण्यापासून. मध्यावर खांब आणि त्याभोवती चाकांवर गोल फिरणारी लांबलचक नळी, या सिंचनयंत्राचं पेटंट फ्रँक झायबाक यांना १९५२ मध्ये मिळालं आणि त्याचं मोठं उत्पादन नेब्रास्कातच झालं. खाली ओगलाला भूजलसाठा होता. कोरडवाहू माळावर मक्याची हिरवी वर्तुळं उमटली. मका ट्रकनं लांब पाठवण्यापेक्षा तो तिथंच गुरांना घालणं परवडतं, म्हणून फीडलॉट, म्हणजे गुरं दाणा घालून पोसण्याचे वाडे, वाढले. चार-सहा महिने दाणा खाऊन जनावर साधारण ६०० किलोचं होतं. पूर्वी ते जिवंत ओमाहा-शिकागोला जाई. वाटेत त्याचं वजन घटे, काही जनावरं जायबंदी होत, आणि सगळा तोटा विकणाऱ्याच्या माथी.

आयबीपी या मांस कंपनीनं हिशेब उलटा केला. १९६१ मध्ये आयोवातल्या डेनिसन गावी तिनं पहिला कारखाना काढला, थेट गुरांच्या दाराशी. १९६७ पासून अर्धी धडं टांगून पाठवण्याऐवजी हाडं आणि चरबी कारखान्यातच काढून, मांस प्लास्टिकमध्ये निर्वात बांधून खोक्यांतून धाडायला सुरुवात केली. खोकं ट्रकमध्ये नीट रचता येतं, धड नाही. दुकानातल्या कसबी खाटकाची गरज उरली नाही. पण खरी मेख कारखान्याच्या आत होती. धड साखळीला लटकून पुढं सरकतं आणि प्रत्येक कामगार एकच काप घेतो. दिवसभर तोच. एका माणसाचं कसब शंभर माणसांत वाटलं की त्यातला कोणीही काही दिवसांत बदलता येतो. शहरांतले जुने कारखाने आणि त्यांच्यासोबत बळकट युनियनचे करार मागं पडले. शिकागोचा प्रसिद्ध गुरांचा बाजार १९७१ मध्ये बंद झाला. मांसउद्योगातली मजुरी एके काळी कारखानदारीच्या सरासरीहून वर होती. १९८० च्या दशकात ती खाली घसरली.

इकडे त्याच दशकात लेक्सिंग्टनमधला स्पेरी-न्यू हॉलंडचा कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, बनवणारा कारखाना बंद पडला. शेतीवर कर्जाचं संकट होतं. नवं कंबाइन घेणार कोण? गावात रिकामी शेड उरली आणि घरं विकायला निघाली. नव्या गुंतवणुकीला करसवलत देणारा एलबी ७७५ हा कायदा राज्यानं १९८७ मध्ये केलाच होता. नोव्हेंबर १९९० मध्ये त्याच कंबाइनच्या जागेवर आयबीपीचा गोमांस कारखाना सुरू झाला.

पहिल्या फेरीत आसपासचे गोरे लोकही भरती झाले. बरेचसे टिकले नाहीत. का, ते काम पाहिलं की कळतं. जनावर बेशुद्ध करून मागच्या पायानं टांगतात, गळा कापतात, कातडं काढतात, पोटातला ऐवज काढतात, करवतीनं धड उभं चिरतात. हा भाग गरम, दमट आणि रक्ताचा. नंतर धड दिवसभर किंवा जास्त शीतगृहात राहतं आणि मग कापणीच्या दालनात येतं. तिथं तापमान चार-पाच अंशांच्या आसपास. एका हातात आकडी, दुसऱ्यात सुरी, पोटावर आणि हातावर लोखंडी जाळी. थंडीनं बोटं आखडतात. सुरीची धार बसली की जोर दुप्पट लागतो आणि तो मनगटावर जातो, म्हणून जुना कामगार नव्याला आधी सुरी पाजवायला शिकवतो. धार ठेवता आली नाही तर काही आठवड्यांत रात्री बोटं बधिर होतात, सकाळी मूठ उघडत नाही. दोन पाळ्या कापणीच्या आणि रात्रीची तिसरी धुलाईची, कढत पाणी आणि रसायनांची. ही तिसरी पाळी या धंद्यात बहुधा ठेकेदाराकडे असते आणि अपघात लपतात ते तिथंच. अपघातांच्या नोंदी दडवल्याबद्दल १९८७ मध्ये आयबीपीच्या डकोटा सिटी कारखान्याला सरकारनं सुमारे २६ लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला होता, यावरून धंद्याची तऱ्हा कळावी.

माणसं गळत राहिली तशी भरतीची वर्तुळंही मोठी होत गेली. आधी काउंटी, मग राज्य, मग दक्षिण टेक्सास आणि कॅलिफोर्निया. नातेवाईक आणला तर बक्षीस मिळे. जाहिरातीपेक्षा हा मार्ग स्वस्त आणि भरवशाचा. तिकडची परिस्थितीही माणसांना ढकलत होती. १९८६ च्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. ते आता शेत सोडून कुठंही जाऊ शकत होते. कॅलिफोर्नियात मंदी होती, घरभाडं जड, आणि १९९४ मध्ये तिथल्या मतदारांनी बिनकागदी लोकांच्या सुविधा तोडणारा ‘प्रस्ताव १८७’ मंजूर केला. लेक्सिंग्टनमध्ये इंग्रजी न येता वर्षभर पगार मिळत होता. बीटाच्या हंगामी मजुराला जे कधी जमलं नाही ते इथं जमलं: बिऱ्हाड करता आलं.

त्याच १९८६ च्या कायद्यानं कागदपत्रांचा आजवरचा घोळही जन्माला घातला. मालकानं आय-९ नावाचा फॉर्म भरून कागद बघायचे. कागद वरवर खरे दिसले की त्याची जबाबदारी संपली. आणखी पुरावे मागितले तर भेदभावाचा दावा होऊ शकतो. म्हणजे बनावट कार्ड चालून जात होतं आणि कोणालाच खोलात जायची गरज नव्हती. १९९९ मध्ये सरकारनं ‘ऑपरेशन व्हॅनगार्ड’ म्हणून नेब्रास्कातल्या मांस कारखान्यांच्या सुमारे २४,००० नोंदी मागवून ताडून पाहिल्या. साधारण ४,७०० नावांत विसंगती निघाली. त्यांना मुलाखतीला बोलावलं, तर हजाराच्या आसपासच हजर झाले. अटक झाली ३४ जणांना. बाकीच्यांतले बहुतेक आधीच काम सोडून गेले होते. साखळ्या मंदावल्या, गुरं फीडलॉटमध्ये अडकली, शेतकरी आणि राजकारणी ओरडले, आणि मोहीम गुंडाळली गेली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर माइक जोहान्स यांनी मांस कामगारांच्या हक्कांची सनद काढली. दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, वर्षभराच्या अंतरानं.

मग संगणकी पडताळणी आली, आजचं ई-व्हेरिफाय. ते नाव आणि क्रमांक जुळतात का एवढंच पाहतं. समोर उभा माणूस तोच आहे का, हे त्याला नीट कळत नाही. परिणाम उलटा झाला. मनानं रचलेला क्रमांक पकडला जाऊ लागला, तशी लोकांनी खऱ्या माणसाची कागदपत्रं विकत घ्यायला सुरुवात केली. १२ डिसेंबर २००६ ला स्विफ्ट कंपनीच्या सहा कारखान्यांवर एकाच दिवशी धाडी पडल्या. नेब्रास्कातलं ग्रँड आयलंड, आयोवातलं मार्शलटाउन आणि मिनेसोटातलं वर्दिंग्टन त्यांत होते. सुमारे १,३०० लोक पकडले गेले. ही कंपनी ही पडताळणी वापरत होती. जून २०२५ मध्ये ओमाहातल्या एका मांस कारखान्यावर धाड पडली, सत्तरहून अधिक जण धरले. तिथंही ई-व्हेरिफाय होतं. एकोणीस वर्षांत भोक तिथंच.

लेक्सिंग्टनमध्ये पहिली अडचण जागेची झाली. कारखान्यानं सुरुवातीला दोनेक हजार माणसं घेतली आणि गावात तेवढी घरं नव्हती. ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या तयार घरांच्या, वसाहती भरल्या. शाळेत वर्षाच्या मधेच मुलं यायची आणि मधेच निघून जायची. पुढं ग्वाटेमालातली माणसं वाढली, तेव्हा नवा पेच आला. किचे किंवा कांहोबाल या माया भाषा बोलणाऱ्या बाईसमोर दवाखान्यानं स्पॅनिश दुभाषा उभा केला की ती मान हलवते, पण तिला समजलेलं असतंच असं नाही. अर्धवट समजुतीनं औषधं घेतली जातात. २००० नंतर सोमाली लोकही आले. हळूहळू ट्रेलरमधून लोक कर्ज काढून घेतलेल्या घरांत गेले. मुख्य रस्त्यावरच्या बंद दुकानांत पानादेरिया (मेक्सिकन बेकऱ्या) आणि किराणा उघडले. आयोवा-नेब्रास्काची कितीतरी गावं आक्रसत असताना इथली लोकसंख्या दहा हजारांवर टिकून राहिली.

आयबीपी २००१ मध्ये टायसन या दुसऱ्या मांस कंपनीच्या ताब्यात गेली. कारखाना दिवसाला सुमारे ५,००० गुरं कापू लागला. पण लागोपाठचे दुष्काळ आणि महाग चाऱ्यामुळे पशुपालकांनी माद्याही विकल्या. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतली एकूण गुरं ८.६७ कोटींवर आली होती, १९५१ नंतरचा नीचांक. गुरं कमी आणि हुक जास्त, अशी गत झाली. २१ नोव्हेंबर २०२५ ला टायसननं लेक्सिंग्टनचा कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. कामगार सुमारे ३,२००. तारीख दिली २० जानेवारी २०२६ च्या सुमाराची. मोठा कारखाना बंद करताना साठ दिवस आधी कळवण्याची कायद्याची सक्ती आहे, आणि मोजलं तर बरोबर साठ दिवस भरतात.

गोमांसाचा एक मोठा कारखाना ग्रँड आयलंडला. आंतरराज्य ८० नंबरच्या रस्त्यानं तो सुमारे १३० किलोमीटर, आणि जानेवारीत या रस्त्यावर बर्फ असतं. इतक्या लांब रोज जाणं ज्याला झेपत नाही त्यानं घर विकायचं, तर शेजाऱ्याच्या दारातही तीच पाटी.