लोकसभेसाठी इंदूरहून अर्ज भरायचा तर : पात्रता, कागदपत्रं आणि प्रस्तावकांच्या दहा सह्या

1989 ते 2014 अशा सलग आठ निवडणुका सुमित्राताई महाजन इंदूरहून निवडून आल्या. त्यामुळे आपल्याकडच्या मराठी घरांत एक अख्खी पिढी 'ताई आहेत ना' म्हणत मोठी झाली. खासदारकीचा अर्ज कसा असतो, तो कोण भरू शकतो, हे विचारायची वेळच कुणावर आली नाही. 2019 ला ताई उभ्या राहिल्या नाहीत. तेव्हापासून राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगरातली तरुण मुलं मला हा प्रश्न विचारू लागली, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. दर पाच वर्षांनी ही जागा सगळ्यांसाठी मोकळी होते. ती मागायला फार मोठं घराणं लागत नाही, पण कागद मात्र चोख लागतात.

पात्रता थोडक्यात अशी. तुम्ही भारताचे नागरिक असावं, वय 25 पूर्ण असावं आणि देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत तुमचं नाव असावं. इंदूरचेच मतदार असण्याची सक्ती नाही. नाव दुसरीकडच्या यादीत असेल, तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत, फार तर छाननीच्या वेळी, दाखवावी लागते. सरकारी नोकरीत राहून उभं राहता येत नाही. राजीनामा द्यायचा आणि तो मंजूर झालेला असायला हवा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेली व्यक्ती शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षं अपात्र असते.

उमेदवाराला यादीची ही मोकळीक आहे; प्रस्तावकाला, म्हणजे अर्जावर सही करून उमेदवाराचं नाव सुचवणाऱ्या मतदाराला, ती नाही. प्रस्तावक त्याच लोकसभा मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रस्तावक पुरतो. अपक्षाला आणि बाकीच्या नोंदणीकृत पक्षांच्या उमेदवाराला दहा लागतात. अर्ज बाद होतात ते बहुतेक इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मागे एका शेजारच्या काकांचा अपक्ष अर्ज भरायला मी बसलो होतो. ओसरीत सतरंजी, मध्ये मतदार यादीच्या प्रती, एकेकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बोटाने शोधायचा आणि वहीत उतरवायचा. दहा सह्या झाल्या, चहा झाला. मग काकूंनी विचारलं, "वन्सं महूच्या ना? त्यांची सही चालते का?" चालत नव्हती. महू इंदूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेसाठी धार मतदारसंघात जातं. इंदूर लोकसभेत देपालपूर, सांवेर, राऊ आणि शहरातले एक ते पाच क्रमांकाचे विधानसभा मतदारसंघ येतात, बस. त्या रात्री वन्सं आणि त्यांचे यजमान अशा दोन सह्या बदलून नवा अर्ज लिहावा लागला. अर्जात प्रस्तावकांसाठी दहाच जागा असतात. त्यातला एक चुकीचा निघाला की उरतात नऊ, आणि नवांवर अर्ज टिकत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की वेगवेगळ्या दहा प्रस्तावकांचे दोन संच भराच. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्जांपर्यंत मुभा आहे आणि अनामत रक्कम एकदाच भरावी लागते. अंगठा लावणारे प्रस्तावक असतील तर त्यांना सोबत न्या, कारण तो अंगठा अधिकाऱ्यासमोर साक्षांकित व्हावा लागतो.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण म्हणजे 'ळ'. इथली यादी हिंदीत असते, त्यामुळे काळे 'काले' होतात आणि गोळे 'गोले'. घाबरायचं कारण नाही. ओळख पटत असेल तर नावातल्या लेखनिकी चुकीवरून अर्ज फेटाळू नये, असं कायदाच सांगतो. तरी अर्जात नाव यादीत आहे तसंच उतरवा, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोनदा पडताळा.

अर्जाचा मुख्य कागद म्हणजे प्ररूप 2क. त्याच्यासोबत प्ररूप 26 मधलं शपथपत्र लागतं, तेही नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर केलेलं. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, पॅन, मागच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रातलं उत्पन्न, चालू फौजदारी खटले, झालेली शिक्षा, शिक्षण, सोशल मीडियावरची खाती, सगळं त्यात येतं. मागच्या दहा वर्षांत सरकारी घरात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. एकही रकाना कोरा ठेवू नका, नुसती आडवी रेघही ओढू नका. आपल्या कचेऱ्यांतला नेहमीचा शब्द 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं पूर्ण लिहा. कोरे रकाने ठेवणं म्हणजे मतदाराचा माहितीचा हक्क डावलणं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं. अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही रकाना भरला नाही, तर अर्ज फेटाळला जातो. हा नियम मला अगदी पटतो. मत मागणाऱ्याने आधी स्वतःची पाटी दाखवायलाच हवी.

अनामत रक्कम 25,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला, जागा खुली असली तरी, 12,500. चेक चालत नाही. रोख भरा किंवा कोषागारात भरल्याचं चलन न्या. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं. फोटो तीन महिन्यांच्या आतला, दोन बाय अडीच सेंटीमीटर, टोपी आणि काळा चष्मा नको. पक्षाचे उमेदवार असाल तर फॉर्म ए आणि बी, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे कागद, शेवटच्या दिवशी दुपारी 3 पर्यंत पोचायलाच हवेत.

अर्ज निर्वाचन अधिकाऱ्याकडे, म्हणजे इंदुरात मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयात, सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळात द्यायचा. तो उमेदवार स्वतः किंवा प्रस्तावक देऊ शकतो. शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवार धरून पाच माणसं, त्यामुळे ढोल-ताशे बाहेरच थांबवा. अर्ज दिल्यावर लगेच संविधानावरच्या निष्ठेची शपथ घ्या. ही शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत व्हावी लागते. ती राहिली तर बाकी सगळं बरोबर असूनही अर्ज जातो.

वेळापत्रक घट्ट असतं. 2024 मध्ये इंदूरची अधिसूचना 18 एप्रिलला निघाली, अर्जाची मुदत 25 ला संपली, छाननी 26 ला झाली, माघारीचा शेवटचा दिवस 29 होता आणि मतदान 13 मे रोजी झालं. छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक प्रस्तावक आणि लेखी अधिकार दिलेला आणखी एक माणूस बसू शकतो. चौथा माणूस म्हणून वकील न्या.

माघार प्ररूप 5 वर, दुपारी 3 च्या आत. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही. 2024 ला काँग्रेसच्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी माघार घेतली, आणि मैदानात 14 जण उरले तरी मोठ्या विरोधी पक्षाचं नाव यंत्रावर राहिलं नाही. पक्षाच्या पर्यायी उमेदवाराने इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : मूळ उमेदवाराचा अर्ज मंजूर झाला की एकाच प्रस्तावकाचा पर्यायी अर्ज छाननीतच बाद होतो. दहा प्रस्तावक जोडले असतील तर तो अपक्ष म्हणून उरतो. त्या निवडणुकीत भाजपच्या शंकर लालवानींना 12,26,751 मतं मिळाली, दुसऱ्या क्रमांकाला 51,659, आणि नोटाला, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' या बटणाला, 2,18,674. अनामत वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, त्यात नोटा धरत नाहीत. बाकी तेराही जणांची अनामत गेली.

खर्चाची मर्यादा मध्य प्रदेशात लोकसभेसाठी 95 लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा प्रत्येक रुपया नोंदवा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या. हरलेल्यांनीही द्यायचाच. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवलं जाऊ शकतं. हरल्यावर वही कपाटात टाकून देणारे मी पाहिलेत, पुढच्या खेपेला त्यांचंच नाव अपात्रांच्या यादीत येतं.

निवडून आल्यावर जागा मध्येच रिकामी कशी होते, हेही मुलं विचारतात. राजीनामा लोकसभेच्या अध्यक्षांकडे लेखी द्यायचा. तो स्वेच्छेने आणि खरोखर दिलेला आहे अशी अध्यक्षांची खात्री झाली तरच तो स्वीकारला जातो. सभागृहाच्या परवानगीशिवाय 60 दिवस बैठकांना गैरहजर राहिलं, तर सभागृह जागा रिकामी झाल्याचं जाहीर करू शकतं. दोन ठिकाणांहून उभं राहता येतं, पण दोन्हीकडे जिंकलात तर 14 दिवसांत एक जागा सोडायची. सोडली नाही तर दोन्ही जातात. रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते, मात्र मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन नाही.

आमच्या काकांचा अर्ज मंजूर झाला होता. अनामत गेली, पण हिशेबाची वही त्यांनी एकोणिसाव्या दिवशी स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली. ती पोच अजून त्यांच्या देवघराच्या खणात, पासबुकांखाली आहे.