पातळ व हलका लॅपटॉप

साधारण दीड किलोपेक्षा कमी वजनाचा आणि दोन सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचा लॅपटॉप. दुकानात याला ‘स्लिम’ किंवा ‘थिन अँड लाइट’ म्हणतात. इंटेलने २०११ साली या वर्गाला ‘अल्ट्राबुक’ हे व्यापारी नाव दिले. छोट्या पडद्याच्या यंत्राची जाडी १८ मिलिमीटरपर्यंतच असावी, अशी तिची अट होती.

जपानी कंपन्या असे लॅपटॉप नव्वदच्या दशकापासून काढत होत्या. १९९८ मधला मित्सुबिशीचा पेडियन दोन सेंटिमीटरहूनही पातळ होता. मात्र लोकांच्या डोळ्यांत हा प्रकार भरला तो जानेवारी २००८ मध्ये, जेव्हा ॲपलचे स्टीव्ह जॉब्झ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत कागदी लिफाफ्यातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो. सीडी ड्राइव्ह नाही, यूएसबी पोर्ट एकच, आणि बॅटरी वापरणाऱ्याला काढता न येणारी. या वर्गाचे पुढचे बहुतेक गुणदोष त्या एका यंत्रात दिसतात.

हलकेपणा आणि पातळपणा जाहिरातीत जोडीने येतात, पण ते एक नव्हेत. फायदा मुख्यतः वजनाचा आहे. रोज लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याच्या खांद्याला अडीच किलोचे यंत्र व त्याचा अर्ध्या किलोचा चार्जर एकीकडे आणि दीड किलोच्या आतले यंत्र दुसरीकडे, यांतला फरक लगेच कळतो. जाडी चार मिलिमीटरने घटली, हे मात्र पिशवीला कळतही नाही. एलजीचा २०१९ मधला सतरा इंची ग्राम पावणेदोन सेंटिमीटर जाड असूनही सुमारे १.३५ किलोच भरतो, कारण त्याचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे.

तोटे बहुतांशी पातळपणातून येतात. त्यांत पहिला उष्णतेचा. मोठ्या लॅपटॉपमधला प्रोसेसर ४५ वॉट किंवा त्याहून अधिक वीज घेतो, तर पातळ यंत्रांसाठीचा सहसा १५ वॉटच्या आसपास. पंखा लहान आणि हवेला वाट अरुंद, म्हणून प्रोसेसर थोडा वेळ पूर्ण वेगाने धावतो आणि तापला की स्वतःच वेग उतरवतो. पत्रे लिहिणे, हिशेब, ब्राउझर यांत हे जाणवत नाही. तासभर व्हिडिओ एडिटिंग केले की जाणवते. २०२० च्या अखेरीस आलेल्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. त्यातला ॲपलचा स्वतःचा एम१ प्रोसेसर कमी विजेवर चालत असल्याने ते निभावले. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगते; मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बिनएसीच्या खोलीत हा आकडा पाळणे कठीण.

कळफलकाची कहाणी वेगळीच. २०१५ मध्ये ॲपलने ९२० ग्रॅम वजनाचा, १३.१ मिलिमीटर जाडीचा बारा इंची मॅकबुक काढला आणि त्यासाठी कळांची खोली घटवणारी ‘बटरफ्लाय’ रचना आणली. धुळीच्या कणाने कळ अडकू लागली किंवा एक अक्षर दोनदा उमटू लागले. २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०२० पर्यंत ती रचना बादच झाली. एका मिलिमीटरच्या हव्यासापायी एवढी किंमत मोजल्याचे दुसरे उदाहरण या उद्योगात सहज सापडणार नाही.

लॅन पोर्ट, म्हणजे इंटरनेटची केबल खोचण्याची जागा, जाड असल्याने तो जातो किंवा जबड्यासारखा उघडणारा होतो. मग नसलेल्या पोर्टांसाठी बाहेरून जोडायचे डोंगल आले, आणि पिशवीत वाचवलेली जागा त्यांनीच भरते.

सर्वांत महाग पडते ती दुरुस्ती. बऱ्याच यंत्रांत रॅम (चालू कामाची मेमरी) मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट-पाटीवर, सोल्डरने कायमची जोडलेली असते, म्हणून ८ की १६ जीबी हा निर्णय खरेदीच्या दिवशीच कायमचा होतो. बॅटरी अनेकदा चिकटवलेली असते. ती जुनी होऊन फुगली तर टचपॅड वर उचलला जातो, आणि तेव्हा यंत्र ताबडतोब बंद करून बॅटरी बदलावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप-लेव्हल काम, म्हणजे पाटीवरची एकेक चिप काढून बदलण्याचे काम, करणारे कारागीर मिळतात, पण रॅमची पट्टी बदलण्याइतके ते स्वस्त नसते. २०२१ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने सुमारे १.३ किलोचा, १६ मिलिमीटरच्या आतला लॅपटॉप काढला. त्याची रॅम, बॅटरी, पोर्ट आणि मदरबोर्डही मालकाला घरी स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात.