अंबर कोणता, राळेचा की समुद्राचा?

पणजीतल्या एका अत्तराच्या दुकानात मला ‘अंबर’ म्हणून दिलेली बाटली थेट देवमाशापासून आलेली आहे, असे विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. बूच काढल्यावर आला तो ऊद, व्हॅनिला आणि किंचित चामडे यांचा उबदार वास, ज्याचा समुद्राशी काडीचाही संबंध नव्हता. हा घोळ अर्थात त्याने एकट्याने घातलेला नाही. अरबीत ‘अंबर’ म्हणजे देवमाशापासून मिळणारा सुगंधी पदार्थ. युरोपात पुढे तेच नाव तृणमण्यालाही चिकटले आणि फ्रेंचांना करडा अंबर व पिवळा अंबर असा भेद करावा लागला. तृणमणी तर बाजूलाच ठेवावा, कारण घासल्यावर गवताची काडी ओढून घेणाऱ्या या जीवाश्म राळेला जाळल्याशिवाय फारसा वास येत नाही.

समुद्राचा अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकूळ (स्क्विड) पचवताना उरलेल्या कठीण चोचींभोवती तयार होतो. ताजा असताना तो काळा असतो आणि त्याला शेणासारखी दुर्गंधी येते. वर्षानुवर्षे ऊन, हवा आणि खारे पाणी लागून तो करडा होतो, तेव्हा कुठे त्याला खारट, गोडसर, जुन्या लाकडासारखा सुवास येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार भारतात तो बाळगणे व विकणे गुन्हा आहे, त्यामुळे दुकानदाराचा दावा खरा असता तर तो अभिमानाने सांगण्याजोगा मुळीच नव्हता. आज अत्तरकार त्याऐवजी बहुधा अँब्रॉक्सान हे रसायन वापरतात, जे क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या घटकापासून तयार करता येते.

राळेचा अंबर, म्हणजे त्या बाटलीतला उबदार वास, हा मात्र कुठल्याही एका पदार्थाचा वास नाही, ती जुळवणी आहे. तिच्या मुळाशी असते लॅबडॅनम, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपांची चिकट राळ, जी पूर्वी चरून आलेल्या शेळ्यांच्या दाढीतून विंचरून काढीत. तिच्या जोडीला येतो ऊद, सुमात्रा आणि लाओसकडचा, जो आपण तिन्हीसांजेला धुपाटण्यातल्या निखाऱ्यांवर टाकतो. (अरबी पद्धतीच्या बाटलीवर लिहिलेला ‘ऊद’ हा नव्हे, तो अगरू या सुगंधी लाकडाचा.) गोडवा व्हॅनिलाचा. 1874 मध्ये व्हॅनिलिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि हा गोडवा सढळ हाताने वापरता येऊ लागला. 1925 चे ‘शालिमार’ हे अत्तर याच घराण्यातले.

या वासाची ओढ, माझ्या मते, त्याच्या संथपणात आहे. राळेतले जड घटक सावकाश उडतात, म्हणून लिंबाचा ताजेपणा केव्हाच विरून गेला तरी तो अंगावर रेंगाळतो. गोव्यातल्या मराठी घरात वाढलेल्याला तर तो परका वाटतच नाही, कारण आरतीनंतर कपड्यांत राहणारा धुपाचा वास हा त्याचाच नातलग. इथल्या मे महिन्यात भर दुपारी तो नकोसा होतो खरा, परंतु पावसाळी संध्याकाळी एक थेंब पुरतो. तो मनगटावर लावावा. पांढऱ्या सदऱ्यावर नको, कारण लॅबडॅनमचा तपकिरी डाग, माझ्या एका सदऱ्याने दाखवून दिल्याप्रमाणे, धुण्याने जात नाही.