परदेश प्रवास वैद्यकीय विमा

परदेशात तात्पुरत्या गेलेल्या किंवा काही काळ राहणाऱ्या व्यक्तीला अचानक आजार वा अपघात झाल्यास तेथील उपचारांचा आणि गरज पडल्यास तिला मायदेशी आणण्याचा खर्च देणारा विमा. मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणण्याचा खर्चही त्यात सामान्यतः धरलेला असतो.

या विम्याच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकी लेखनात त्याचे श्रेय बहुधा हार्टफर्ड (कनेक्टिकट) येथील ट्रॅव्हलर्स कंपनीचे संस्थापक जेम्स बॅटरसन यांना दिले जाते. या कंपनीची अपघात विमापत्रे १८६४ च्या सुमाराची. परंतु लंडनच्या रेल्वे पॅसेंजर्स ॲशुरन्स कंपनीचा विमा त्याहून जुना, १८४९ चा आहे. तो स्टेशनावर तिकिटाबरोबरच मिळे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला तीन पेन्समध्ये मृत्यूबद्दल १,००० पौंड, दुसऱ्या वर्गाला दोन पेन्समध्ये ५०० आणि तिसऱ्या वर्गाला एका पेनीत २०० पौंड असे त्याचे दर होते. तथापि हे दोन्ही विमे मुख्यतः अपघाताची भरपाई देणारे होते. परमुलखात आजारी पडलेल्याची शुश्रूषा हा त्यांचा विषय नव्हता. त्या दृष्टीने या विम्याचे मूळ सागरी कायद्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. साधारणतः बाराव्या-तेराव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या ओलेरों संहितेनुसार (फ्रान्सच्या ओलेरों बेटाच्या नावाने ओळखले जाणारे सागरी नियम), वाटेत खलाशी आजारी पडल्यास कप्तानाने त्याला किनाऱ्यावर उतरवून निवारा व दिवाबत्ती द्यावी आणि देखभालीला जहाजावरचा पोऱ्या किंवा एखादी बाई ठेवावी. जहाजाने मात्र त्याच्यासाठी खोळंबू नये. हा अर्थातच विमा नव्हे, मालकाचे दायित्व होय. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात (२००६) या दायित्वाला उपचार आणि मायदेशी पाठवणी असे दुहेरी रूप मिळाले. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. कोकण व गोव्यातील दर्यावर्दींना त्याचा आजही आधार आहे.

भारतात साधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण (१९७२) झाल्यानंतर, १९८० च्या दशकात ‘ओव्हरसीज मेडिक्लेम’ या नावाने हा विमा रुळला. हप्ता रुपयांत भरायचा आणि दावा परकीय चलनात चुकता व्हायचा, ही सोय परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात फार मोलाची होती.

अनेक ठिकाणी हा विमा सक्तीचा आहे. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील अनेक देशांत एकाच परवान्यावर फिरू देणारा व्हिसा) युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेने किमान ३०,००० युरोंचे संरक्षण आवश्यक केले आहे. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा व्हिसा) हे किमान संरक्षण प्रत्येक आजार वा अपघातामागे एक लाख डॉलर आहे. ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर ठराविक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते) नोकरीसाठी आखातात जाणाऱ्या भारतीय कामगारांना २००३ पासून प्रवासी भारतीय बीमा योजना लागू आहे. अपघाती मृत्यू वा कायम अपंगत्वासाठी तिच्यात १० लाख रुपये मिळतात. आजारपणाचे संरक्षण मात्र त्या मानाने फारच तोकडे आहे.

वादाचा मुख्य विषय आधीपासूनच्या आजारांचा. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत तो विशेष जाणवतो. बहुतेक विमापत्रांत असे आजार वगळलेले असतात, किंवा जीव वाचवून प्रकृती स्थिर करण्यापुरताच खर्च मिळतो. पुढचे उपचार मायदेशी व्हावेत, अशी त्यामागची धारणा असते. रक्तदाबाची रोजची गोळी अर्जात लिहायची राहिली, तर पुढे हृदयविकाराचा दावा फेटाळला जाऊ शकतो. त्यामुळे एजंटाने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करणे धोक्याचे आहे. प्रत्येक दाव्यात सुरुवातीची ठराविक रक्कम (वजावट) रुग्णाने स्वतः सोसायची असते, हेही अनेकांना रुग्णालयातच कळते.

दीर्घ वास्तव्यासाठी वेगळ्या व्यवस्था आहेत. अबू धाबीत २००६ पासून परदेशी कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा उतरवणे मालकांवर बंधनकारक आहे. दुबईत तसा कायदा २०१३ मध्ये झाला. ब्रिटनमध्ये २०१५ पासून व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार घेतला जातो. तो भरणाऱ्याला तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते, परंतु मायदेशी परत आणण्याचा खर्च त्यात येत नाही.